शाहिरी जलसा आणि समाजबदल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाहिरीची शिबिरं घ्यायला लागल्यापासून एक गोष्ट ठरलेली आहे. शेवटच्या अर्ध्या तासात हात वर होतात आणि घरी पोचेपर्यंत फोनवर चार निरोप येऊन पडलेले असतात. प्रश्न बहुतेक तेच. काही शिक्षकांचे, काही कॉलेजच्या पोरापोरींचे, काही जयंती मंडळांचे. शिवाय एखादे आजोबा असतातच, ज्यांनी शाहीर अमर शेखांना समोर बसून ऐकलेलं असतं आणि जे माझी चूक काढायलाच आलेले असतात. ते सगळे प्रश्न इथे एकत्र लिहिले आहेत. सोप्यापासून सुरुवात केली आहे, अडचणीचे मागे ठेवले आहेत.

१. शाहिरी जलसा म्हणजे काय? तमाशाच ना तो?

सांगाडा तमाशाचा, आतला ऐवज वेगळा, समाजप्रबोधनाचा. तमाशात आधी गण, मग गवळण, बतावणी, लावण्या आणि शेवटी वग असा क्रम असतो. जलसा करणाऱ्यांनी हा क्रम मोडला नाही, कारण लोकांना तो पाठ होता. पुढे काय येणार हे माहीत असलं की माणूस सैल बसतो. मग त्याच जागांवर त्यांनी दुसरा माल भरला. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते गणात गणपतीऐवजी निर्मिकाला, म्हणजे सृष्टीच्या निर्मात्याला, वंदन करत. अण्णा भाऊ साठ्यांनी गणात मायभूमी आणि शिवाजी महाराज आणले. आंबेडकरी जलशातून नाच्या आणि शृंगारिक लावणी गेली. बतावणीतले टोमणे मात्र तसेच राहिले, फक्त ते आता भटजी, सावकार आणि खोत यांच्या दिशेने जाऊ लागले.

२. पोवाडा, लावणी, छक्कड, वग, यांतला फरक एकदाच नीट सांगा ना.

पोवाडा म्हणजे पराक्रमाची किंवा घडलेल्या घटनेची गायलेली हकिकत. अफझलखानाच्या वधावर अज्ञानदासाने १६५९ साली रचलेला पोवाडा हा आपल्याकडचा अगदी जुना नमुना. लावणी ठेक्यावर नाचणारी, बहुतेक शृंगाराची. पण उपदेशाच्या आणि अध्यात्माच्या लावण्याही भरपूर आहेत. छक्कड लावणीच्याच कुळातली, आटोपशीर आणि चटकदार. वग म्हणजे गाणी आणि हजरजबाबी संवाद यांतून उभं राहणारं नाट्य. मुख्य शाहिराच्या मागे उभं राहून ध्रुवपद उचलतात ते झीलकरी. त्यांचं ‘जी जी रं जी’ नुसतं सजावटीला नसतं. तेवढ्यात शाहीर श्वास घेतो, पुढची ओळ आठवतो आणि समोरची माणसं आपल्याबरोबर आहेत की नाहीत ते बघून घेतो.

३. पोवाडा ऐकताना अंगावर काटा का येतो?

माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिलं, की आवडतं संगीत ऐकून शहारा येतो तेव्हा मेंदूत डोपामीन हे आनंदाशी जोडलेलं रसायन स्रवतं. त्यातला काही भाग तर तो क्षण येण्याच्या आधी, नुसत्या चाहुलीनेच स्रवतो. शाहिराला हे संशोधनाशिवाय माहीत असतं. तो तलवार उपसायच्या ओळीआधी डफ थांबवतो, आवाज खाली आणतो, झीलकऱ्यांना गप्प ठेवतो. लोकांना पुढची ओळ ठाऊक असते, तरी ते वाट बघतात.

दुसरी गोष्ट ठेक्याची. टाळी, पाऊल, मान एकाच लयीत हलू लागली की शेजारचा माणूस परका वाटत नाही. स्टॅनफर्डमध्ये २००९ साली एक छोटा प्रयोग झाला. त्यात पावलाला पाऊल जुळवून चाललेल्या माणसांनी नंतरच्या खेळात एकमेकांना जास्त सहकार्य केलं. आषाढात दिंडीबरोबर दोन मैल चालून बघा, म्हणजे प्रयोगाची गरज राहणार नाही. पण शहारा आला म्हणजे माणूस बदलला, असं समजू नका. त्यासाठी प्र. ६ पाहा.

४. सत्यशोधकांनी तमाशाच का उचलला? त्याला तर हलकं समजत होते.

पुस्तक वाचणारे होते कुठे? १९५१च्या जनगणनेतसुद्धा देशात शंभरात जेमतेम अठरा माणसं साक्षर होती. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला तो २४ सप्टेंबर १८७३ रोजी. त्या काळच्या खेड्याची कल्पना करा. स्वतः जोतीरावांना हे कळलं होतं, म्हणून १८६९ मध्येच त्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला आणि पुढे अभंगाच्या वळणाचे अखंड लिहिले. त्यांच्यामागून आलेल्या कार्यकर्त्यांनी जत्रेत, चावडीपुढे, पिकं निघाल्यावर रिकाम्या झालेल्या शेतात जलसे उभे केले. विषय रोजचे : लग्नात भटजी कशाला, सावकाराच्या वहीत काय लिहिलंय, पोरगी शाळेत का नाही.

हलकेपणाबद्दल म्हणाल, तर तोच मुद्दा होता. ज्यांना समाज हलकं म्हणत होता त्यांचीच ही कला. ढोलकी, तुणतुणं, गळा, सोंग हे सगळं त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होतं. चळवळीला नवं काही शिकवावं लागलं नाही, शब्द तेवढे द्यावे लागले.

५. ‘माझी दहा भाषणं आणि एक जलसा सारखाच’ असं बाबासाहेब खरंच म्हणाले होते का?

हे वाक्य जलसाकारांच्या आठवणींतून चालत आलं आहे आणि सांगणाऱ्यागणिक त्यातला आकडा हलतो. मोजमाप म्हणून ते घेऊ नका. बाबासाहेबांना जलशाची ताकद दिसली होती आणि त्यांच्या सभांच्या अवतीभोवती जलसे होत, हे मात्र पक्कं. नाशिकचे भीमराव कर्डक या जलसाकारांतले अग्रणी. त्यांनी आपल्या अनुभवांवर पुढे पुस्तकही लिहिलं. ज्यांना मूळ धागा पकडायचा आहे त्यांनी भिंतीवरच्या सुविचारापेक्षा तिथून सुरुवात करावी.

६. गाण्यांनी समाज बदलतो याला पुरावा काय? लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जातात.

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण विचारणारा बहुतेक वेळा हात पोळलेला कार्यकर्ता असतो. माझाही हात पोळलाय. एका गावात दारूबंदीचं गाणं गायलो. वन्समोअर इतका जोरात आला की आम्ही फुगलो. कार्यक्रम संपल्यावर कळलं, वन्समोअर मागणारी पुढची अख्खी रांग गुत्त्यावरून थेट तिथे आली होती आणि परत तिकडेच गेली.

तेव्हा आंबेडकरी जलशांचं उदाहरण बारकाईने बघू. १९३०च्या दशकात हे जलसे जोरात होते. मेलेली जनावरं ओढू नका, मेल्या जनावराचं मांस खाऊ नका, पोरांना शाळेत घाला, हे ते गात होते. पण हे म्हणणं जलशाने जन्माला घातलं नव्हतं. १९२० साली बाबासाहेबांचं ‘मूकनायक’ हे पाक्षिक निघालं, १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा झाली, २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं गेलं, २ मार्च १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला. पत्र होतं, परिषद होती, ठराव होता, सत्याग्रहात उभी राहिलेली माणसं होती. ठराव परिषदेत मंजूर व्हायचा, पण परिषदेला न आलेल्या म्हातारीच्या तोंडी तो जलशातून जायचा. गाण्याचं काम हे, पोचवायचं आणि पोचल्यावर टिकवायचं. ‘बहिष्कृत भारत’चा अंक वाचून झाला की घडी करून ठेवला जातो. चाल मात्र भाकरी थापताना, गाडी हाकताना आपोआप तोंडात येते आणि तिच्याबरोबर ठरावही येतो.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती मोजता येत नाही. गावकुसाबाहेरच्या वस्तीत कंदिलाच्या उजेडात आपल्यातलाच माणूस स्वच्छ कपड्यांत ताठ उभा राहून खणखणीत आवाजात गातो. समोरचा आधी त्याला बघतो, गाणं नंतर ऐकतो. जोहार घालत वाकलेल्या पाठी बघितलेल्या पोराला ताठ पाठ दिसते. त्यानंतर त्या पोराने काय केलं ते कुठल्या आकडेवारीत येणार?

म्हणून माझं उत्तर असं : मागे संघटना नसेल तर गाणं करमणूक होऊन विरतं, आणि गाणं नसेल तर संघटनेचे ठराव वहीत राहतात. आमच्या दारूबंदीच्या गाण्यामागे त्या गावात कुणी नव्हतं. गुत्ता मात्र रोज उघडा होता.

७. पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेले पैसे बाबासाहेबांनी का नाकारले? म्हणजे त्यांचा तमाशाला विरोध होता का?

हकिकत प्रसिद्ध आहे. महाडच्या सत्याग्रहाला मदत म्हणून बापूरावांनी आपल्या खेळांचं उत्पन्न देऊ केलं आणि बाबासाहेबांनी ते घेतलं नाही. तमाशाचे नामवंत शाहीर पठ्ठे बापूराव जन्माने ब्राह्मण, मूळचे कुलकर्णी. त्यांच्या फडाचं नाव झालं ते पवळाबाईमुळे, आणि पवळाबाई महार समाजातल्या. आमच्याच बायकांना नाचवून आलेला पैसा आमच्याच मुक्तीला नको, असा त्या नकाराचा अर्थ लावला जातो आणि मला तो पटतो.

ढोलकीला विरोध नव्हता. कलेच्या जोरावर कुणाची अब्रू विकली जाते, हा आक्षेप होता. आंबेडकरी जलशाने नाच वगळला त्यामागे हेच आहे. पण याची एक किंमत होती आणि ती बहुतेक लेखांत सांगितली जात नाही. नाच गेला, त्याबरोबर रंगमंचावरची बाईच गेली. सुरुवातीच्या जलशांत बायकांची कामंही पुरुषच करत. पुढचं प्र. ११ मध्ये.

८. भीमगीतांना सिनेमाच्या चाली का असतात? ही चोरी नाही का?

भीमगीतं लिहिणाऱ्या आणि गाणाऱ्या वामनदादा कर्डकांचं आयुष्य बघा. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा, १९२२ साली जन्मलेला हा माणूस मुंबईत मजुरी करता करता मोठेपणी अक्षरं शिकला. त्यांच्या गीतलेखनाची सुरुवातच एका हिंदी सिनेगीताच्या विडंबनाने झाली. त्यानंतर २००४ पर्यंत, म्हणजे शेवटपर्यंत, ते लिहीत आणि गात राहिले. हजारो गाणी.

चाल ओळखीची असली की अर्धं काम आधीच झालेलं असतं. नवी चाल शिकवायला पेटीवाला लागतो, तालीम लागते. सिनेमाची चाल रेडिओने आणि चहाच्या हॉटेलाने फुकटात शिकवलेली असते. तुकोबांच्या अभंगाच्या चालीवर दुसरा अभंग गाताना आपण चोरी म्हणत नाही. लग्नातल्या मांडवगाण्यांतही हेच चालतं. कव्वालीचा बाज भीमगीतांत शिरला तोही असाच, आजूबाजूच्या कानावर पडणाऱ्या संगीतातून.

कलेच्या अंगाने माझी तक्रार एकच आहे. चाल निवडताना तिचा स्वभाव बघा. उडत्या प्रेमगीताच्या चालीवर महापरिनिर्वाणाचं गाणं ऐकलं की मला खाली बघावंसं वाटतं. कायद्याच्या अंगाने विचाराल तर प्र. १६.

९. संयुक्त महाराष्ट्र शाहिरांनी मिळवून दिला असं म्हणतात. खरं आहे का?

अर्धं. आणि ते आजोबा इथेच उठून उभे राहतात.

आधी बाजू शाहिरांची. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांचं कम्युनिस्ट विचारांचं लालबावटा कलापथक मुंबईच्या गिरणगावात आधीपासून रुजलेलं होतं. अण्णा भाऊ मूळचे वाटेगावचे, अमर शेख बार्शीचे. गिरणीत काम करणारा कामगार सातारा, सांगली, कोकणातून आलेला. त्याला भाषणातलं राज्यपुनर्रचना आयोगाचं गुऱ्हाळ काय कळणार? अण्णा भाऊंच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत हा कामगार बायकोला गावी सोडून मुंबईला येतो. सगळा विरह अगदी घरगुती, खट्याळ. ऐकणारा हसतो, त्याला स्वतःची बायको आठवते. आणि शेवटाकडे ताटातूट झालेल्या मैनेच्या जागी बेळगाव, कारवार असे महाराष्ट्रापासून तुटलेले भाग येऊन उभे राहतात. नकाशावरची रेघ त्या माणसाला आता पोटात दुखते. राजकीय गाणं कसं लिहावं हे शिकवायचं असेल तर मी शिबिरात पहिलं हेच घेतो.

आता दुसरी बाजू. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, पुढच्या काळात शंभरावर माणसं गेली. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी संयुक्त महाराष्ट्र समिती झाली आणि तिने एकमेकांशी न पटणारे पक्ष एका मांडवात आणले. कामगार संघटना होत्या. १५ नोव्हेंबर १९५६ पासून अत्र्यांचा ‘मराठा’ रोज सकाळी दारात पडत होता. १९५७च्या निवडणुकीत मतपेटीने दणका दिला. १ मे १९६० मागे हे सगळं आहे. शाहिरांनी ते एका आवाजात बांधलं. एकट्यांनी मिळवलं म्हणणं हा गोळ्या खाल्लेल्यांवर अन्याय होईल.

आणि पुढे काय झालं तेही बघा. बेळगाव, कारवार, निपाणी कर्नाटकात राहिली. गोव्याने १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला. त्या वेळी विलीनीकरणाच्या विरोधात उल्हास बुयांव यांची कोंकणी गाणी गावोगाव घुमत होती. आपल्याकडे हे फार कमी जणांना माहीत असतं. गाण्याचं हत्यार समोरच्याच्या हातातही असतं, आणि त्या वेळी त्यांचं गाणं गोव्याच्या मातीतलं होतं.

१०. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे शाहिरी गाणं मानायचं का?

शब्द राजा बढे यांचे, संगीत श्रीनिवास खळे यांचं, आवाज शाहीर साबळे यांचा. गीत कवीचं, रचना भावगीताच्या वळणाची, छाती शाहिराची. २०२३ मध्ये ते राज्यगीत झालं. गाणं सरकारी झालं की त्याचा राग ओसरतो असं काहींना वाटतं. शाळेच्या प्रार्थनेत सहाशे पोरं ते गाताना ऐकलं की मला तसं वाटत नाही.

११. या सगळ्यात बायका कुठे होत्या?

जात्यावर. रंगमंचावर त्यांना जागा नव्हती तेव्हाही पहाटे चार वाजता त्या गात होत्या, आणि सासर, नवरा, कष्ट, लेकीचा जन्म यांबद्दल जे त्या काळात मोठ्याने बोलता येत नव्हतं ते ओवीत बोलत होत्या. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून या ओव्या गोळा केल्या. तो साठा एक लाखाच्या वर गेला. २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया त्या ध्वनिमुद्रणांसह लोकांपुढे ठेवते आहे. त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. जलसा घरात शिरला तो कुठे, हे बघायचं असेल तर तिथे बघा.

पुढे स्त्री मुक्ती संघटनेने १९८३ मध्ये ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ आणलं, तेही लोकगीतांच्या वळणाने गात गात. अलीकडे कडूबाई खरात एकतारी घेऊन गातात आणि मोबाइलवरून घराघरात पोचतात. मोठी मंडळं अजूनही मुख्य गायक म्हणून पुरुषच का ठरवतात, हा प्रश्न मी इथे परत विचारणाऱ्यांकडेच पाठवतो.

१२. भजन-कीर्तनाने कसला बदल होणार? ती तर झोपवतात.

काही झोपवतात, कबूल. गाडगेबाबांचं कीर्तन तसलं नव्हतं. ‘गोपाला गोपाला’चा गजर आणि मध्येच समोरच्या शेतकऱ्याला सवाल : कर्ज काढून सण का करतो, नवसाला बकरं का मारतो. उत्तर लोकांकडूनच वदवून घ्यायचं. दिवसा हातात खराटा, रात्री कीर्तन. त्यामुळे बोलण्याला वजन. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीचं असंच. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर पेटलं तेव्हा इंग्रज सरकारने या भजन गाणाऱ्याला तुरुंगात टाकलं. भजनाने झोप येते असं त्या सरकारला वाटलं नसावं.

१३. जलसा किंवा पथनाट्य करायला परवानगी लागते का? शाहिरांवर बंदी का यायची?

बंदीचा इतिहास जुना आहे. इंग्रजांनी १८७६ मध्येच नाट्यप्रयोगांवर नियंत्रणाचा कायदा केला. स्वातंत्र्यानंतर थोड्याच दिवसांत मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. कारण अश्लीलतेचं दिलं, फटका लालबावट्याच्या वगांनाही बसला. त्यातून ‘लोकनाट्य’ हा शब्द रुळला. तमाशाला बंदी आहे ना, मग हे घ्या लोकनाट्य! खेळ तोच.

आजचं थोडक्यात : तिकीट असो वा नसो, नाट्यप्रयोगासाठी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्याची परवानगी. जागा ज्यांची त्यांची संमती. अर्ज दोन प्रतींत द्या आणि पोच घ्या. पोच नसेल तर तुम्ही अर्ज केलाच नव्हता असं समजा.

१४. जयंतीला डीजेवर भीमगीतं किंवा शिवगीतं लावली तर ते प्रबोधनच ना?

शब्द ऐकू येतात का? नसतील येत, तर ते प्रबोधन नाही, धक्का आहे. जलशाचा सगळा जीव शब्दांत. नियम म्हणाल तर ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. डीजे नुसता चालू केला तरी ही मर्यादा मागे पडते.

एका मंडळाने मिरवणुकीचा डीजे रद्द करून ढोलकी, पेटी आणि सहा पोरं उभी केली. पहिल्या वर्षी शिव्या खाल्ल्या. दुसऱ्या वर्षी म्हाताऱ्या बायका खुर्च्या घेऊन येऊन बसल्या.

१५. गाण्याने वाईट बदलही होतो का?

होतो. ठेका चांगल्या-वाईटाचा विचार करत नाही. प्र. ३ मध्ये सांगितलेलं ‘आपण एक’ हे वाटणं ‘ते वेगळे’ या वाटण्यापासून एका ओळीवर असतं.

रवांडात १९९४च्या वंशसंहारात गायक सिमोन बिकिंदी याची गाणी द्वेष पसरवणाऱ्या रेडिओवर वाजत होती. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००८ मध्ये त्याला पंधरा वर्षांची शिक्षा दिली. ती शिक्षा गाण्यांसाठी नव्हती. गाडीवरच्या ध्वनिक्षेपकावरून त्याने लोकांना थेट मारायला सांगितलं, त्यासाठी होती. गाणं कुठे संपतं आणि चिथावणी कुठे सुरू होते हे ठरवणं न्यायालयालाही किती जड जातं, ते यातून दिसतं.

शिबिरात मी एक साधी चाचणी सांगतो. गाण्यातून शत्रूचं नाव काढून टाका. मागे काही उरतं का? सावकारावरच्या जुन्या गाण्यातून सावकार काढला तरी कर्ज, वही, अंगठा उरतो. ज्यात काहीच उरत नाही, ते गाणं आमच्या पथकात बसत नाही.

१६. अण्णा भाऊंची, वामनदादांची गाणी कार्यक्रमात गायला परवानगी लागते का? चाल वापरली तर?

आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. अण्णा भाऊ आणि अमर शेख दोघेही १९६९ मध्ये गेले, म्हणजे २०२९ अखेरपर्यंत. वामनदादांचा २०६४ अखेरपर्यंत. जोतीराव १८९० मध्ये गेले. त्यांचं साहित्य सगळ्यांचं.

हौशी मंडळाने विनातिकीट श्रोत्यांपुढे गायलं, किंवा शाळेने आपल्याच विद्यार्थी-पालकांपुढे सादर केलं, तर कायद्यात सूट आहे. तिकीट लावलं, ध्वनिमुद्रण विकलं किंवा यूट्यूबवर टाकलं की ही सूट मागे राहते. तेव्हा वारसांकडे जा आणि लेखी संमती घ्या. चालीचा हक्क संगीतकाराचा, तो शब्दांपासून वेगळा. सिनेमाच्या चालीवरचं गाणं समाजमाध्यमावर टाकलं आणि आवाज बंद झाला, तर त्यामागे बहुधा हेच असतं. पारंपरिक चाली, म्हणजे ओवी, भारूड, वासुदेव, गोंधळ यांच्या, वापरल्यात तर ही कटकट नाही.

१७. आमच्या गावात बालविवाहावर गाणं बसवायचंय. सुरुवात कुठून करू?

गाण्यापासून करू नका. आधी गावात शाळा सोडलेल्या मुली किती, कुठल्या महिन्यात लग्नं उरकतात, ऊसतोडीला जाण्याआधी की नंतर, हे विचारून या. अंगणवाडीताई आणि आशाताई यांना गाठा. गाण्यानंतर एखादी मुलगी रडत आली तर तिला कुणाकडे न्यायचं हे ठरवून ठेवा. मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा १०९८ हा क्रमांक शेवटच्या कडव्यात बसवता आला तर उत्तम. आकडे पद्यात बसतात, करून बघा.

मग चाल. तुमच्या गावातल्या बायका हळदीला काय गातात ते ऐका आणि तीच घ्या. ध्रुवपद दोन ओळींचं, तिसऱ्यांदा ऐकल्यावर लोकांना म्हणता आलं पाहिजे. कडवी चारच्या वर नकोत. बापाला राक्षस करू नका. समोर बसलेले सगळे बापच आहेत. त्याची भीती काय आहे ते एका कडव्यात येऊ द्या. एक गाणारी, तीन झीलकरी, ढोलकी, तुणतुणं, झांज एवढ्यात पथक होतं.

१८. तुणतुणं कुठे मिळेल?

मिरजेत तंतुवाद्यांचे कारागीर आहेत, तिथे विचारा, जत्रेतही मिळतं. नाहीच मिळालं तर घरी करा. तळ काढलेला डबा घ्या, तळाच्या जागी शेळीचं कातडं ताणून बसवा, बाजूला बांबूची काठी घट्ट बांधा आणि कातड्याच्या मधोमध अडकवलेली तार डब्यातून वर काढून काठीच्या खुंटीला गुंडाळा. तार गाणाऱ्याच्या सा ला लावा. पेटीवाल्याच्या नको, तो नेहमी वरची पट्टी सांगतो.